विश्लेषण : आलिशान मोटारीचे इंजिन तापले, तर खर्च हजारांत राहतो की लाखांत जातो?

लाल दिवा लागल्यानंतरची पहिली दहा मिनिटे, विम्यातील एक दुर्लक्षित अट आणि गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न. पुणे-सोलापूर महामार्गावरील केडगाव-चौफुला परिसरातील वाहनधारकांसाठी सविस्तर माहिती.

मे महिन्यातील दुपार. पुण्याहून निघालेली मोटार यवत मागे टाकून चौफुल्याच्या दिशेने येत आहे. एसी पूर्ण चालू, गाडीत घरातील पाच माणसे. अचानक समोरच्या पडद्यावर थर्मामीटरचे लाल चिन्ह उमटते आणि ‘इंजिनचे तापमान जास्त, गाडी थांबवा’ असा संदेश येतो. केडगाव अवघ्या चार-पाच किलोमीटरवर. ‘एवढे तर जाऊ, घरी पोहोचल्यावर बघू,’ असे चालकाच्या मनात येते.

हा विचारच सर्वांत महाग पडतो. इंजिन तापण्याचे मूळ कारण अनेकदा एखादा फुटलेला पाइप, थकलेला पंप किंवा प्लास्टिकच्या टाकीला गेलेली चीर असे किरकोळ असते. लाखांचे बिल येते ते त्यानंतर चालवलेल्या चार-पाच किलोमीटरचे. दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात, कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास आता जर्मन बनावटीच्या गाड्या नवलाच्या राहिलेल्या नाहीत. अनेक जण त्या जुन्या बाजारातून घेतात. मात्र दुरुस्तीचे हिशेब साध्या गाडीसारखेच असतील, अशी अनेकांची समजूत असते.

इंजिन थंड कसे राहते?

पेट्रोल किंवा डिझेल जळताना सिलिंडरच्या आतील वायूंचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. इंजिनचा वरचा भाग, म्हणजे ‘हेड’, बहुतेक आधुनिक गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते. तरीही इंजिन टिकते, कारण त्याच्या भिंतींमधून कूलंट सतत फिरत असते. इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता हे कूलंटच उचलून नेते.

वॉटर पंप कूलंट फिरवतो, थर्मोस्टॅट त्याची वाट उघडतो-मिटवतो, रेडिएटर उष्णता हवेत सोडतो आणि पंखा हवा खेचतो. ही सगळी यंत्रणा दाबाखाली काम करते. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांना उकळते, पण एक बार जादा दाब असेल तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंटमधील ग्लायकॉलमुळे ही मर्यादा आणखी वर जाते.

म्हणूनच टाकीच्या झाकणाचे रबर कुजले किंवा पाइपला बारीक चीर गेली, तर केवळ कूलंट गळत नाही, दाबही जातो. दाब गेला की तेच कूलंट लवकर उकळते. वाफ धातूतील उष्णता द्रवासारखी उचलू शकत नाही. त्यामुळे हेडचा एखादा भाग अचानक खूप तापतो आणि वाकतो.

महागड्या गाडीत वेगळे काय असते?

भौतिकशास्त्र सर्व गाड्यांना सारखेच. फरक रचनेत आहे. आलिशान मोटारींत टर्बो असलेले ताकदवान इंजिन छोट्या जागेत बसवलेले असते. बोनेटखाली हात घालायलाही जागा नसते आणि खालून आवाज व हवेसाठी पत्रे-प्लास्टिकची आवरणे लावलेली असतात. गळती झाली तरी थेंब जमिनीवर पडत नाहीत, आवरणातच साचतात. मालकाला पत्ता लागत नाही.

दुसरे, गेल्या दोन दशकांत अनेक जर्मन इंजिनांत पट्ट्यावर चालणाऱ्या वॉटर पंपाऐवजी विजेवर चालणारा पंप आला. थर्मोस्टॅटही संगणकाच्या हुकमतीखाली गेला. यामुळे इंधन वाचते. पण पंप कुरकुर न करता एकाएकी बंद पडू शकतो. पाइपांचे सांधे, थर्मोस्टॅटचे घर, जादा कूलंटची टाकी असे अनेक भाग प्लास्टिकचे असतात. वर्षानुवर्षे तापून-निवून हे प्लास्टिक ठिसूळ होते. सात-आठ वर्षांची गाडी वरून नवीकोरी दिसली, तरी हे भाग तिच्या वयाचेच असतात.

तिसरे, तापमानाचा काटा. अनेक गाड्यांत तो असतच नाही, फक्त इशाऱ्याचा दिवा असतो. जिथे काटा असतो, तिथेही तो मोठ्या पट्ट्यात मध्यावरच स्थिर राहील अशी योजना असते. त्यामुळे ‘काटा तर मध्यावरच होता’ यावर फार विसंबता येत नाही. काटा हलला, याचा अर्थ प्रकरण आधीच पुढे गेले आहे.

आपल्या भागात इंजिन तापण्याची कारणे कोणती?

पहिले कारण हवेतले. केडगाव परिसर गुऱ्हाळांचा. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर पाचट उडत असते, चुलाणात जळणाऱ्या चिपाडाची राख तरंगत असते आणि शेतरस्त्यांची धूळ वेगळीच. हे सगळे गाडीच्या पुढच्या जाळीतून आत जाते आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या अरुंद फटीत अडकते. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, मागे मात्र गोधडीसारखा थर बसलेला असतो. हंगाम संपतो आणि उन्हाळा सुरू होतो, तेव्हा हा थर त्रास देऊ लागतो.

दुसरे कारण वेगाचे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे पंधरा-वीसच्या वेगाने जाताना रेडिएटरला समोरून हवा मिळत नाही. सगळा भार पंख्यावर येतो. पंखा किंवा त्याचा फ्यूज कमजोर असेल, तर महामार्गावर ठीक चालणारी गाडी इथे तापते. भुलेश्वरचा चढ किंवा दिवे घाट भर दुपारी, एसी लावून, गाडी भरून चढतानाही हेच घडते.

तिसरे कारण घरचेच आहे. टाकीत कूलंट कमी दिसले की बोअरचे पाणी ओतायचे, ही सवय. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. घरातल्या हिटरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय कूलंटमधील गंजरोधक रसायन पातळ होते. कूलंटचा रंगही फसवा असतो. निळे, हिरवे, गुलाबी असे रंग प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने देतो. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या रसायनांची असू शकतात आणि चुकीच्या मिश्रणाने गाळ किंवा चिकटा तयार होऊ शकतो. म्हणून रंगावर न जाता गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्यावा.

चौथे कारण अर्धवट दुरुस्ती. पाइप बदलला, कूलंट भरले, पण आत अडकलेली हवा काढली नाही, तर गाडी पुन्हा तापते. अनेक आलिशान गाड्यांत ही हवा काढण्यासाठी व्हॅक्यूमने कूलंट भरावे लागते किंवा पंप ठरावीक क्रमाने चालवावा लागतो. नुसते झाकण उघडून ओतल्याने काम भागत नाही.

लाल दिवा लागला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे?

इशारा पिवळा असेल किंवा तापमान नुकतेच वाढू लागले असेल, तर एसी बंद करावा, वेग कमी करावा आणि हीटर पूर्ण गरमवर लावून पंखा मोठा करावा. उन्हाळ्यात हे असह्य वाटते, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत तो थोडी उष्णता बाहेर काढतो.

इशारा लाल असेल, वाफ दिसत असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर हे उपाय करत पुढे जायचे नाही. इंडिकेटर देऊन गाडी रस्त्याच्या कडेला, शक्यतो पक्क्या पट्टीच्याही बाहेर घ्यावी आणि इंजिन बंद करावे. इंजिन बंद झाल्यावरही पंखा किंवा विजेवरचा पंप काही वेळ चालू राहू शकतो. ते चांगलेच आहे.

सर्व प्रवाशांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. धोक्याचे दिवे लावावेत, त्रिकोण पुरेशा अंतरावर ठेवावा. बोनेटखालून धूर किंवा ज्वाळा दिसल्या, तर बोनेट उघडण्याच्या फंदात न पडता दूर व्हावे आणि ११२ वर कळवावे.

कूलंटच्या टाकीचे झाकण लगेच उघडू नये. आत दाबाखाली उकळते कूलंट असते आणि झाकण सैल होताच ते तोंडावर, हातावर उडते. यामुळे गंभीर भाजल्याच्या घटना घडतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा पाइप जाड फडक्यातून दाबून पाहावा. तो टणक असेल, तर आत अजून दाब आहे. तापलेल्या इंजिनवर बाहेरून पाणी मारू नये, तसेच आत एकदम थंड पाणी ओतू नये. तापलेला धातू अचानक निवल्याने तडकू शकतो.

गार झाल्यावर पातळी खूपच खाली असेल आणि जागा धोक्याची असेल, तर बाटलीतील शुद्ध पाणी थोडे-थोडे घालून गाडी फक्त सुरक्षित जागेपर्यंत हलवावी. मात्र लाल दिवा पुन्हा लागला तर तिथेच थांबावे. सांडलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. त्यातील एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. कुत्री, वासरे ते चाटतात.

टोचन लावून न्यावी का?

ट्रॅक्टर किंवा जीपला दोर बांधून टोचन लावणे हा गावाकडचा नेहमीचा उपाय. आलिशान मोटारींपैकी बहुतेक ऑटोमॅटिक आणि अनेक चारही चाकांना ताकद देणाऱ्या असतात. इंजिन बंद असताना अशी गाडी चाके फिरवत ओढली, तर गिअरबॉक्सला वंगण मिळत नाही आणि इंजिनसोबत गिअरबॉक्सचाही खर्च उभा राहू शकतो. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. म्हणून चारही चाके वर घेणारी सपाट गाडी, म्हणजे ‘फ्लॅटबेड’च मागवावी.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. महामार्गाची क्रेन गाडी कडेला घेण्यासाठी उपयोगी पडते. पुढच्या प्रवासासाठी कंपनीची किंवा विमा कंपनीची रस्त्यावरील मदत सेवा मागवावी. ती कोणत्या अंतरापर्यंत मोफत आहे, हे आधी विचारावे. केडगावहून पुण्यातील सेवा केंद्र तासा-दीड तासावर आहे. काही योजनांत हे अंतर मर्यादेबाहेर जाऊ शकते. तरीही फ्लॅटबेडचे भाडे हे या प्रकरणातील सर्वांत स्वस्त बिल असते.

खर्चाच्या पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी : झाकण, पाइप, फ्यूज, कूलंट, रेडिएटरची सफाई. इथे खर्च हजारांत राहतो.

दुसरी पायरी : विजेवरचा वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पंखा किंवा रेडिएटर. आलिशान गाडीत यातील एकेका भागाचा खर्च दहा हजारांच्या पटीत मोजावा लागतो, पण इंजिन उघडावे लागत नाही. वेळीच थांबलेली गाडी साधारण याच पायरीवर राहते.

तिसरी पायरी : हेड वाकले, हेड गॅस्केट गेले. हेड सपाट आहे की नाही, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. एवढासा फरक पडला तरी कूलंट, तेल आणि जळणारे वायू एकमेकांत मिसळू लागतात. हेड उतरवणे, लेथवर फेसिंग, नवे गॅस्केट, नवे बोल्ट, टायमिंगची पुन्हा जुळणी आणि काही गाड्यांत त्यासाठी पूर्ण इंजिन बाहेर काढणे. इथून लाखांचा आकडा सुरू होतो.

चौथी पायरी : पिस्टन घासले, ब्लॉक तडकला, इंजिन जाम झाले. मग पुनर्बांधणी किंवा नवे इंजिन. जुन्या गाडीच्या बाबतीत हा खर्च गाडीच्या बाजारभावाला मागे टाकू शकतो.

सुटे भाग आणि मजुरी, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे तोंडी सांगितलेला अंदाज तीन लाखांचा असेल आणि त्यात कर धरलेला नसेल, तर प्रत्यक्ष बिल ३ लाख ५४ हजारांचे होते. अंदाज ऐकताना ‘करासह की कराशिवाय’ हा पहिला प्रश्न हवा.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

इंजिन उघडण्याआधीच्या तीन तपासण्यांना फारसा खर्च येत नाही. प्रेशर टेस्टमध्ये यंत्रणेत हवा भरून गळती कुठे आहे ते पाहतात. दुसऱ्या तपासणीत कूलंटच्या टाकीवर रसायनाची नळी धरतात. टाकीत जळालेले वायू येत असतील तर निळे रसायन पिवळे पडते आणि गॅस्केट गेल्याचा संशय बळावतो. तिसरी सिलिंडरच्या दाबाची तपासणी. याशिवाय तेलाचा रंग दुधाळ चहासारखा झाला आहे का, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो का, बाहेर गळती नसताना कूलंट कमी होते का, हे पाहावे. संगणकावर काढलेल्या दोषांची यादी छापून घ्यावी. बिघाड कोणत्या क्रमाने झाला, याचा तो लेखी पुरावा असतो.

‘इंजिन बदलावे लागेल’ असे सांगितले गेले, तर या तपासण्यांचे निष्कर्ष लेखी मागावेत आणि दुसऱ्या ठिकाणचे मत घ्यावे. अंदाजपत्रक भागांच्या क्रमांकासह, लेखी असावे. ठरलेल्या रकमेपेक्षा खर्च वाढणार असेल, तर आधी लेखी संमती घेण्याची अट संदेशावर का होईना घालावी. काढलेले जुने भाग परत मागावेत. पक्के बिल घ्यावेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

विमा पैसे देतो का?

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत अपघात, आग, पूर, चोरी यांचे संरक्षण असते. यांत्रिक बिघाड, झीज आणि परिणामी होणारे नुकसान वगळलेले असते. म्हणजे पंप जुना होऊन बंद पडला आणि इंजिन तापले, तर साधा सर्वंकष विमा उपयोगाचा नाही.

पण समजा, पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या दगडाने रेडिएटर फुटला. हा अपघात आहे, दावा करता येतो. मात्र त्याच पॉलिसीत आणखी एक अट असते. अपघात किंवा बिघाडानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर त्या वाढीव नुकसानीची जबाबदारी पूर्णपणे मालकाची. रेडिएटरचे पैसे मिळतील, पण तशीच गाडी घरापर्यंत नेल्याने जाम झालेल्या इंजिनचे मिळणार नाहीत. लाल दिवा लागल्यावर थांबणे यंत्रासाठी जितके गरजेचे, तितकेच दाव्यासाठीही.

मंजूर दाव्यातूनही घसारा कापला जातो. रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के. धातूच्या भागांवर वयानुसार, पाच ते दहा वर्षांच्या गाडीसाठी ४० टक्के. उदाहरणार्थ, सात वर्षांच्या गाडीचा धातूचा भाग ६० हजारांचा असेल, तर २४ हजार वजा होतात. प्लास्टिकच्या दहा हजारांच्या टाकीचे पाच हजारच धरले जातात. वर १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनासाठी दोन हजार रुपयांची सक्तीची वजावट. म्हणजे ७० हजारांच्या भागांपैकी ३९ हजार हाती येतात. ‘झिरो डेप’ जोड घेतली असेल, तर तिच्या अटींनुसार ही कपात टळते.

‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोड वेगळी. ती प्रामुख्याने इंजिनात पाणी शिरणे किंवा तळाला मार लागून तेल गळणे, अशा नुकसानीसाठी असते. नुसते तापून झालेले नुकसान तिच्यात बसेलच, असे गृहीत धरू नये. पॉलिसीतील त्या कलमाचा मजकूर वाचूनच खात्री करावी.

दावा करायचा असेल तर जागेवरच फुटलेल्या भागाचे, किलोमीटरच्या आकड्याचे आणि इशाऱ्याच्या संदेशाचे फोटो घ्यावेत. विमा कंपनीला लगेच कळवावे. सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी उघडू देऊ नये.

बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली तर वॉरंटी जाते का?

अनेक मालकांना हीच भीती असते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन, स्कोडा यांच्यासह मारुती, टाटा, महिंद्र या कंपन्याही होत्या. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारता येईल, अशी आयोगाची भूमिका होती. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. त्यामुळे हा आदेश काउंटरवर दाखवला की काम झाले, असे समजू नये. पण वाद झाल्यास मुद्दा मांडण्यासाठी तो महत्त्वाचा आहे.

व्यवहारात मध्यम मार्ग बरा. वॉरंटी चालू असेपर्यंत अधिकृत सेवा केंद्र. ती संपल्यावर त्या बनावटीच्या गाडीचे तपासणी यंत्र आणि अनुभव असलेले स्वतंत्र गॅरेज. साध्या गाडीचे उत्तम काम करणारा गावातील मेकॅनिक कुशल असतोच, पण कूलंट भरण्यासाठी संगणक लागणारी गाडी त्याच्या गळ्यात मारणे दोघांनाही महागात पडते.

तक्रार करायची झाल्यास?

एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. मर्सिडीज-बेंझच्या एका गाडीत चालकाच्या बाजूचा मधला उंचवटा सतत तापत असल्याची तक्रार होती. गाडी कंपनीच्या नावावर, पण संचालकाच्या वापरासाठी घेतलेली. ‘ही व्यावसायिक खरेदी आहे, म्हणून खरेदीदार ग्राहक ठरत नाही,’ असा उत्पादकाचा बचाव होता. राष्ट्रीय आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने दिलेल्या निकालानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने हा बचाव फेटाळला. व्यक्तिगत वापरासाठी घेतलेली गाडी कंपनीच्या नावावर असली, म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. फर्मच्या नावाने गाडी घेणाऱ्या आपल्याकडील व्यापारी, बागायतदारांसाठी हे महत्त्वाचे आहे. अर्थात, तक्रार ते अंतिम निकाल यात पंधराहून अधिक वर्षे गेली, हेही विसरू नये.

म्हणून आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, त्यानंतर ग्राहक आयोग, असा क्रम ठेवावा. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते. त्यामुळे केडगावच्या ग्राहकाला पुणे जिल्हा आयोग पुरेसा आहे, उत्पादकाचे मुख्यालय कुठेही असो. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. विमा कंपनीने दावा नाकारला, तर पुण्यातील विमा लोकपालाकडेही विनाशुल्क जाता येते, पण नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत.

निर्मितीदोष आहे, हे सिद्ध करण्याचा भार मात्र बहुतांशी ग्राहकावर येतो. म्हणूनच लेखी तपासणी, फोटो आणि जुने भाग मोलाचे ठरतात.

जुनी आलिशान मोटार घेताना काय पाहावे?

गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. समजा, ६० लाखांची गाडी आठ वर्षांनी १५ लाखांना मिळाली. तिचा वॉटर पंप आणि इंजिन मात्र ६० लाखांच्या गाडीचेच आहे. त्यामुळे खरेदीच्या वेळीच दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येत असेल, तरच हा व्यवहार करावा.

सौदा ठरवण्याआधी गाडी पूर्ण थंड असताना पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी जावे. कूलंटची पातळी आणि रंग, झाकणाखाली चिकट पांढरट थर, पाइपांच्या सांध्यांवर सुकलेले डाग तपासावेत. मग एसी लावून अर्धा तास गर्दीत चालवावी आणि थांबवून पंखा लागतो का ते ऐकावे. कूलंट यंत्रणेचे कोणते भाग कधी बदलले, याची बिले मागावीत. कधीच बदलले नसतील, तर तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत.

गाडी घरची झाल्यावर महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना टाकीवरील किमान-कमाल खुणांमधली पातळी पाहावी. दर वेळी थोडी कमी होत असेल, तर पाणी घालून विसरू नये, गळती शोधून घ्यावी. ऊस हंगामानंतर, उन्हाळ्याआधी कंडेन्सर आणि रेडिएटरमधील फट साफ करून घ्यावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्री वाकते, त्यामुळे काम जाणकाराकडूनच व्हावे. पुस्तिकेतील मुदतीप्रमाणे कूलंट बदलावे.

आणि घरातील जो कोणी गाडी चालवतो, मुलगा, सून किंवा पगारी चालक, त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी : लाल दिवा लागला तर गाडी तिथेच उभी कर, उशीर झाला तरी कोणी रागावणार नाही. अनेकदा मालकाच्या धाकाने किंवा कार्यक्रमाला उशीर होईल म्हणून चालक गाडी पुढे रेटतो. गुऱ्हाळावर पाक तयार झाला की गुळव्या काहील चुलाणावरून उतरवायला कोणाची परवानगी मागत बसत नाही, कारण क्षणभराचा उशीर झाला तरी गूळ हातचा जातो. इंजिनच्या बाबतीत तोच अधिकार चालकाला द्यावा.